जप्तीची कुऱ्हाड : एका वनसंग्रहालयाच्या उद्घाटनाचं प्रकरण

जुन्या चांदा (आताच्या चंद्रपूर-गडचिरोली) जिल्ह्यातल्या एका वनविभागाने आपल्या पडीक लाकूड आगारात वनसंरक्षणाच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय उभं केलं. फलकांचा मजकूर मी लिहिला. गावाचं आणि माणसांचं नाव इथे येणार नाही. प्रकरणातली एक फाइल अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरते आहे, माझ्या लिहिण्याने ती आणखी एखाद्या टेबलावर अडकायला नको.

प्रकरण थोडक्यात असं. उद्घाटनाला चार महिने उरले असताना, दालनात मांडायच्या एका वस्तूवर एका म्हाताऱ्या माणसाने हक्क सांगितला. वस्तू म्हणजे एक गंजकी कुऱ्हाड. भंगारवाल्याने तिचे चहापुरते पैसे दिले असते. तिच्यापायी आमचा अर्धा आराखडा बदलला.

गोदामातून निघालेला इतिहास

या आगारात एकेकाळी सागाच्या लठ्ठ्यांच्या थप्प्या लागायच्या, जळाऊ लाकडाच्या रचलेल्या ढिगांचे, म्हणजे बिटांचे, लिलाव व्हायचे. नंतर माल दुसऱ्या आगाराकडे वळला आणि इथे गोदाम, चौकीदाराची खोली आणि चिंचेचं एक झाड एवढंच उरलं. हाताशी वस्तू किती आहेत ते बघायला आम्ही मागची खोली उघडली तेव्हा आत वटवाघळांचा वास आणि कमरेइतका पसारा होता.

निघालं बरंच. मोजणीची साखळी, शंभर कड्यांची, ६६ फुटी. पितळी कंपास. कापडावर चिकटवलेले कंपार्टमेंटचे (जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यांचे) नकाशे, घडीवर फाटलेले. कार्य आयोजनेचे (जंगलातल्या कामांच्या आराखड्याचे) बांधीव खंड, ज्यांची पाठ वाळवीने खाल्ली होती पण आतला मजकूर शाबूत होता. आणि हातोडे.

हातोड्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण शहरातून आलेल्या माणसाला तो खिळे ठोकायचाच वाटतो. हा हातोडा म्हणजे जंगलखात्याची सही. तोडीसाठी निवडलेल्या झाडाची थोडी साल उडवायची, उघड्या पडलेल्या लाकडावर हातोड्याचा एक जोरकस घाव घालायचा, की त्याच्या तोंडावरची अक्षरं नि आकडा लाकडात उमटतो. एक छाप छातीच्या उंचीवर, दुसरी जमिनीलगत. झाड गेलं तरी खालची छाप थुटावर राहते, आणि मागाहून थुटं मोजत येणाऱ्याला कळतं की ही तोड खात्याने केली की कुणी रात्रीतून हात मारला. बाहेर न्यायला मोकळ्या केलेल्या लाकडावरचा पास हातोडा वेगळा, जप्त मालावरचा जप्ती हातोडा वेगळा. हातोडा हरवला तर वनपालाची झोप उडते, एवढी त्याची किंमत.

सर्वांत शेवटी, कोपऱ्यात, सुतळीने मोळीसारख्या बांधलेल्या कुऱ्हाडी सापडल्या. त्रेचाळीस. प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर शाईने: गुन्हा क्रमांक, तारीख, आरोपीचं नाव, गाव, ‘कुऱ्हाड १ नग’. बऱ्याच चिठ्ठ्या उंदरांनी कुरतडलेल्या, काही मात्र काल लिहिल्यासारख्या स्वच्छ.

दालनाच्या मांडणीचं काम घेतलेल्या एजन्सीच्या डिझायनरचे डोळे चमकले. त्याने दोन दिवसांत चित्र काढून आणलं: मुख्य भिंतीवर कुऱ्हाडींचं चक्र, पाती बाहेर, दांडे मध्यात, वाड्यांच्या भिंतीवर ढाली-तलवारी लावतात तसं. खाली शीर्षक, ‘वनगुन्ह्यांवर मात’. दिसायला ते जबरदस्त होतं, हे मान्य करतो. मी हरकत घेतली नाही, हेही लिहून ठेवतो.

एक साधी गोष्ट तेव्हाच ध्यानात यायला हवी होती. सरकारी गोदामात जे टिकतं ते सरकारच्या कामाचं असतं: मोजायची हत्यारं, खुणेची हत्यारं आणि गुन्ह्याचा मुद्देमाल. तेवढ्यावर इतिहास रचला की जंगलातला माणूस त्यात फक्त आरोपी म्हणून येतो. मोह वेचायची टोपली आमच्याकडे नव्हती. तेंदूचे पुडे बांधायची दोरी नव्हती, मध काढणाऱ्याचा वेलीचा दोर नव्हता. कारण ते कुणी जप्त केलं नव्हतं.

पहिली टाचणी कुठे टोचायची

दालनाच्या मधोमध सागाची एक मोठी चकती ठेवायची होती. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत देवदाराचा ७०० वर्षांहून जुना छेद आहे, तो पाहून आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आपल्याकडेही तसं काही असावं असं वाटतं. आमची चकती वादळात पडलेल्या सागाची, वर्तुळं १६० च्या आसपास. सागाची वर्तुळं मोजता येतात, फक्त सालीकडे ती दाटीवाटीने बसतात आणि मध्येच एखादं खोटं वर्तुळही निघतं, म्हणून ‘आसपास’.

चकतीला फट पडली, ती पडायचीच होती. लाकूड वाळताना वर्तुळाच्या अंगाने जितकं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीकडे आक्रसतं. हा ताण कुठेतरी फुटतो आणि भाकरीचा चतकोर काढावा तशी खाच तयार होते. डिझायनरला ती पुट्टीने बुजवायची होती. आम्ही तशीच ठेवली. आजही मुलं सर्वांत आधी त्या फटीतच बोट घालतात.

खरा वाद महत्त्वाची सालं दाखवायला वर्तुळांवर टोचायच्या टाचण्यांचा. आणि त्याहून मोठा, पहिला फलक कोणत्या सालाने सुरू करायचा याचा.

कार्यालयाकडून आलेल्या मसुद्यात होतं: १८६४ साली डीट्रिश ब्रँडिस पहिले वन महानिरीक्षक झाले आणि भारतात वनसंरक्षणाला सुरुवात झाली. यातलं ‘आणि’च्या अलीकडचं सगळं खरं आहे. ‘आणि’च्या पलीकडचं वाक्य खात्याच्या स्थापनेचं आहे. संरक्षण आणि खातं या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्या एकच असल्याचं भासवणं ही अशा संग्रहालयांची जुनी खोड आहे. देवराईतली काटकी न उचलणारा माणूस कुठल्या महानिरीक्षकाच्या हाताखाली काम करत होता?

सूचना येत राहिल्या. एकाने राजस्थानातलं खेजडली सुचवलं: १७३० साल, खेजडीची झाडं वाचवताना मारली गेलेली ३६३ माणसं. दुसऱ्याला आज्ञापत्र हवं होतं. आरमारासाठी आंबे-फणस तोडू नयेत, रयतेने ती झाडं लेकरांसारखी जपून वाढवली आहेत, हा मजकूर आपल्याकडे अनेकांना तोंडपाठ असतो. तो घ्यायला माझी ना नव्हती. मात्र आज्ञापत्र रामचंद्रपंत अमात्यांचं, १७१६ च्या सुमाराचं, आणि त्यातच सागवान हुजूरच्या परवानगीने तोडून न्यावं असंही लिहिलेलं आहे. म्हणजे लाकडाची गरज आणि परवानगीचा कागद तिथेही आहेच. अर्धाच उतारा भिंतीवर लावायचा असेल तर नको, एवढं मी म्हटलं. मग कुणालाच तो नको झाला.

मसुद्यात अलेक्झांडर गिब्सनही होते, १८४७ पासून मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक. ते मी काढले. महाराष्ट्र म्हटलं की मुंबई इलाखा, ही पुण्या-मुंबईत लिहिलेल्या इतिहासाची सवय आहे. हा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा, १८६१ पासून मध्य प्रांतातला, आणि मुंबई राज्यात आला तो १९५६ साली. गिब्सनसाहेबांचा हुकूम इथे कधी चाललाच नाही. इथल्या जंगलाचे कागद नागपुराकडे गेले, मुंबईकडे नाही, आणि मालगुजारी, जमीनदारी, निस्तार (घरच्या गरजेपुरतं जंगलातून घ्यायचा गावाचा हक्क) हे इथले शब्दही कोकण-देशावरच्या माणसाला समजावून सांगावे लागतात.

शेवटी मी साल सोडून एक वस्तू पुढे केली: रेल्वेचा लाकडी स्लीपर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. एक मैल रूळ टाकायला १,७६० ते २,००० स्लीपर लागायचे. ते कुठून आणायचे, आणि पुढच्या पिढीलाही मिळत राहावेत म्हणून झाड कोणी तोडायचं नि कोणी तोडायचं नाही, हा प्रश्न पडल्यावर खातं जन्माला आलं. १८६५ चा पहिला वन कायदा, १८७८ चा दुसरा, ज्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन भाग केले, आणि १९२७ चा, जो आजही लागू आहे, ही त्याची पुढची पावलं. १८७८ च्या टाचणीशेजारी १८८३ ची टाचणी टोचली. त्या साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये महात्मा फुल्यांनी डोंगर आणि गायरानं गिळून बसलेल्या या खात्यावर कोरडे ओढले आहेत. कायद्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती.

१९३० ची टाचणी सहज मंजूर होईल असं मला वाटलं होतं. १० जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला, २५ सप्टेंबरला रायगडातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. कार्यालयातून शेरा आला: ‘हा स्वातंत्र्यलढ्याचा विषय, वनसंरक्षणाचा नव्हे.’ त्यावर विभागाच्या मुख्य अधिकारी मॅडम एवढंच म्हणाल्या, “गवत कुणाचं होतं मग?” टाचणी राहिली.

बाजाराच्या दिवशी

भिंतीला गिलावा करायला एक पोरगा येत होता. दहावी झालेला, वाचायची हौस असलेला. जेवणाच्या सुट्टीत तो कुऱ्हाडींच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचत बसायचा. एका चिठ्ठीवर त्याच्याच गावाचं नाव निघालं. पुढच्या बुधवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, तो शेजारच्या एका काकाजींना घेऊन आला. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला दुपट्टा, हातात बाजाराची रिकामी पिशवी.

पोराने चिठ्ठी वाचून दाखवली. १९६७. काकाजींनी चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. कुऱ्हाड उचलली, पात्याच्या कानावर अंगठा फिरवला, तिथे लोहाराने छिन्नीने केलेल्या तीन बारीक रेघा होत्या. मग दांडा हातात तोलला.

“पातं आमचंच आहे जी. दांडा आमचा नाही.”

“कशावरून, काकाजी?”

“आमचा बाप धावड्याचा घालायचा. हा सागाचा आहे.” थोडं थांबून म्हणाले, “सागाचा दांडा कोण घालते? ज्याच्या घरी साग फुकट असते तो.”

चौकीदार चिंचेकडे बघत राहिला. धावड्याचं लाकूड चिवट. कुऱ्हाडीचा दांडा असो की बंडीचा आख, घाव नि हिसका सोसायचा असेल तिथे गावातला माणूस धावडाच शोधतो. दांड्याला साग लावणं म्हणजे रेशमी कापडाचं पोतं शिवणं. जप्त मुद्देमालाची कुऱ्हाड कधीकाळी कुणीतरी वापरली होती, दांडा मोडल्यावर हाताशी होता तो तुकडा बसवला होता, आणि काम झाल्यावर ती पुन्हा चिठ्ठीसकट मोळीत ठेवून दिली होती. हे कुठल्याही नोंदवहीत नव्हतं. दांड्यावर होतं.

“मंग नेऊ आता?” काकाजींनी विचारलं. इतक्या सहज, की दुकानात दुरुस्तीला टाकलेली वस्तू घ्यायला आल्यासारखं.

नेता येत नाही, हे सांगायची पाळी माझ्यावर आली. मी ते फार वाईट पद्धतीने सांगितलं. “काकाजी, ती आता संग्रहालयाची वस्तू आहे,” असं काहीतरी. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि बाजारात गेले.

पावती

पुढच्या बुधवारी ते परत आले. जमिनीचे कागद ठेवायची प्लास्टिकची थैली सोबत. सातबारा, रेशन कार्ड, आणि घड्या पडून चार तुकडे होण्याच्या बेतात आलेली एक पावती. गुन्हा क्रमांक चिठ्ठीवरचाच. ‘तडजोड रक्कम’, पाच रुपये, वनपालाची सही.

इथे प्रकरण भावनेतून कायद्यात शिरलं, आणि माझ्या मते तेच त्याचं खरं मर्म आहे. १९२७ च्या कायद्यात कलम ५२ प्रमाणे वनोपजाबरोबर हत्यारं, बंडी, बैल जप्त करता येतात. गुन्हा शाबीत झाला तर कलम ५५ खाली ते सरकारजमा होतात. पण सगळेच पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचे प्राथमिक अहवाल, कोर्टात जात नाहीत. किरकोळ गुन्ह्यात अधिकारी कलम ६८ खाली तडजोड करतो: ठरवलेली रक्कम भरली की पुढची कारवाई थांबते आणि जप्त वस्तू सोडायची असते. त्या कलमात आणखी एक पोटभाग आहे, वस्तूची किंमत लावून ती भरल्यावर वस्तू सोडण्याचा. पावतीवरचे पाच रुपये गुन्ह्याचे की गुन्हा आणि कुऱ्हाड दोन्हींचे, हे पावती सांगत नाही. बाकीचे कागद वाळवीने कधीच निकालात काढले होते.

दोन्ही अर्थांनी गोष्ट अवघड होती. पैसे दोन्हींचे असतील तर कुऱ्हाड १९६७ सालीच घरी जायला हवी होती आणि सरकारची ती एक दिवसही नव्हती. फक्त गुन्ह्याचे असतील तर कुऱ्हाडीची किंमत कुणी लावली नाही, ती सरकारजमा झाल्याचा आदेशही नाही, म्हणजे ती इतकी वर्षं नुसतीच पडून होती. संग्रहालयाच्या दाखलनोंदीत ‘प्राप्तीचा मार्ग’ असा एक रकाना असतो. भेट, खरेदी, हस्तांतर, उसनवार. या कुऱ्हाडीपुढे काय लिहायचं? आणि उरलेल्या बेचाळिसांपुढे?

ज्या लाकडासाठी जप्ती झाली ते काय होतं, हेही विचारलं. नांगराचा जू बनवायला एक झाड, काकाजी म्हणाले. जमीनदारीच्या काळात अशी किरकोळ तोड निस्तारात धकून जायची. जमीनदारी निर्मूलनाचा कायदा १९५० चा, १९५१ साली ती जंगलं सरकारकडे आली. निस्तारपत्रकात हक्क लिहून घेतले गेले, पण कोणतं झाड, कोणत्या कंपार्टमेंटमधून, कोणाच्या चिठ्ठीने, हे नवं व्याकरण गावाला शिकायला वेळ लागला. बापाला वाटलं जुनंच चालू आहे. चकतीवरच्या १९५१ च्या टाचणीला माझ्या मनात तोवर काही चेहरा नव्हता.

मॅडमनी काय ठरवलं

बैठकीत तीन मतं पडली. पहिलं, कुऱ्हाड गुपचूप देऊन टाका, एवढ्याशा लोखंडाला कोण विचारतं. हे ऐकायला माणुसकीचं, पण नोंदीवर असलेला मुद्देमाल असा देता येत नाही, आणि उद्या कुणी मोजदाद केली तर बळी चौकीदाराचा जातो. दुसरं मत लेखा शाखेचं: निर्लेखन करा. म्हणजे वस्तू निरुपयोगी ठरवून नोंदीतून काढायची, भंगाराचा लिलाव करायचा, काकाजींनी त्यात बोली लावायची. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले. “बापाची कुऱ्हाड किलोने घेऊ?”

तिसरं मत डिझायनरचं होतं: ही एक काढा, बेचाळिसांचं चक्र करा, दिसायला फरक पडत नाही.

मॅडमनी चक्रच रद्द केलं. कारण त्यांनी दिलं ते साधं होतं: चिठ्ठ्यांवर नावं आहेत, त्या नावांची घरं आजूबाजूच्या गावांत आहेत, आणि उद्घाटनाला त्याच गावांना बोलावलं आहे. बापाचं नाव ‘आरोपी’ म्हणून भिंतीवर वाचायला कुणाला का बोलवायचं? वाचता येणाऱ्या चिठ्ठ्यांची गाववार यादी ग्रामसभांना पाठवायची, ज्यांना पुढे यायचं ते येतील. दालनात एकच कुऱ्हाड राहील, काकाजींची, त्यांनी होकार दिला तर, आणि उसनवार म्हणून. परत देण्याचा प्रस्ताव त्याच दिवशी वर गेला.

उसनवारीचा करार जगात नेहमी वस्तूच्या मालकाशी होतो, आणि सरकारने मालकी अजून मान्य केली नव्हती. म्हणून करारात ‘दावेदार’ असा शब्द घातला. वकिलाने त्यावर नाक मुरडलं. काकाजींनी अंगठा नाही, सही केली.

फलकाचा मजकूर त्यांनीच सांगितला, मी फक्त उतरवून घेतला. मराठीत आणि खाली गोंडीत, देवनागरी लिपीत:

“ही कुऱ्हाड १९६७ साली जप्त झाली. पैसे भरले त्याची पावती घरी आहे. कुऱ्हाड घरी आली नाही. दांडा बदललेला आहे.”

माझी मर्यादा ऐंशी शब्दांची होती. बाकीच्या सगळ्या फलकांवर मी ती ओलांडली आहे.

शेवटच्या वाक्यावर वरून आक्षेप आला, खात्याची बदनामी होते म्हणून. मॅडमनी उत्तर दिलं की संग्रहालयात प्रत्येक वस्तूची भौतिक स्थिती नोंदवण्याची पद्धत आहे, आणि दांडा बदललेला असणं ही भौतिक स्थिती आहे. हे उत्तर मला अजून आवडतं. चकतीवर १९६७ ची छोटी टाचणी टोचूया असं मी सुचवलं, तेव्हा मात्र त्यांनी साफ नकार दिला. एका माणसाच्या पाच रुपयांना कायद्यांच्या रांगेत बसवलं की ते नाटकी दिसेल, म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं.

कुऱ्हाड जिथे ठेवली त्याच्या समोरच्या कपाटात हातोडे आहेत. तसं मुद्दाम केलं नव्हतं, विजेची जोडणी तिथे होती. आणि दाराजवळच्या शेवटच्या फलकावर मेंढा-लेखा: २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळालेलं गडचिरोलीतलं गाव. हक्क मिळाला तरी बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना खात्याचाच लागत होता. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. १९२७ च्या कायद्यात बांबू झाड म्हणून धरला होता, गावाच्या लेखी ते गवत. हातोडा पाहून इथवर आलेल्या माणसाला हा फलक समजावून सांगावा लागत नाही.

उद्घाटन

फीत, सत्कार, भाषणं. पाहुणे दालनात वीस मिनिटं होते, त्यातली दहा वाघाच्या कवटीपाशी गेली. फोटो तिथलेच छापून आले. फलक जरा उंच लागले होते, शाळेची मुलं टाचा उंचावून वाचत होती. ते आम्ही महिनाभराने खाली घेतले. जुन्या नकाशांवरचा दिवा डिझायनरने झगझगीत ठेवला होता. कागदाला ५० लक्सहून अधिक उजेड सोसत नाही, म्हणून पाहुणे गेल्या गेल्या आम्ही तो मंद केला.

काकाजी सून-नातवंडांना घेऊन आले होते. कुऱ्हाडीसमोर उभं राहून त्यांनी नातवाकडून फलक दोनदा वाचून घेतला, एकदा मराठीतून, एकदा गोंडीतून. मग विचारलं, “माझं नाव का नाही?” करारात नाव असलं तरी फलकावर नको, असं त्यांनीच आधी सांगितलं होतं. तसं म्हटल्यावर म्हणाले, “तेव्हा माहीत नव्हतं, लोक वाचतील.”

यादी पाठवल्यावर ग्रामसभांकडून अकरा घरांनी नाव कळवलं. आठांनी नुसतं पाहून जातो म्हटलं. दोघांनी कुऱ्हाड परत मागितली. एका घराने कळवलं की ती आमची नव्हेच, शेजाऱ्याने नाव सांगताना आमच्या आज्याचं सांगितलं असणार. बाकीच्या घरांकडून काहीच आलं नाही, आणि त्याचा अर्थ लावायला मी जात नाही.

फाइल

प्रस्तावाला पहिली शंका आली ती मूळ पीओआर जोडला नाही अशी. दुसरी, पावतीची साक्षांकित प्रत हवी. तिसरी, १९६७ चा दाखला आजच्या कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतो, कारण मधल्या काळात जिल्ह्याचे दोन झाले, गडचिरोली १९८२ साली वेगळा निघाला, आणि वनविभागांच्या हद्दीही बदलल्या. मॅडमची बदली झाली. नवे साहेब सज्जन आहेत, फाइल वाचून घेतो म्हणाले.

काकाजी बुधवारी येतात, दर वेळी नाही, पण येतात. एकदा काचेआडच्या पात्यावर तांबूस डाग दिसला तर तेल का लावत नाही म्हणून चौकीदाराला फैलावर घेतलं. आम्ही मेणाचा पातळ थर देतो, तेलावर धूळ बसते, हे मी समजावलं. त्यांना पटलं नाही. टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाने त्यांच्या घरची हत्यारं तीन पिढ्या टिकली आहेत, आणि या मुद्द्यावर माझ्याकडे तीन पिढ्या नाहीत.

मागच्या पावसाळ्यानंतर ते धावड्याचा दांडा घेऊन आले. नवा, तासून गुळगुळीत केलेला, अख्ख्या लांबीचा. सागाचा काढा आणि हा घाला, म्हणाले. संग्रहालयाच्या नियमाने वस्तूत असा बदल करत नाहीत. बसवलेला सागाचा दांडा हाही आता तिच्या इतिहासाचा भाग आहे, तोच तर फलकावर लिहिला आहे. मी हे सगळं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “कुऱ्हाड घरी आल्यावर घालू शकतो ना?”

“घरी आल्यावर तुम्ही काहीही घाला, काकाजी.”

“मंग तोवर इथेच राहू दे. बाजूला.”

दांडा कुऱ्हाडीशेजारी काचेत ठेवला आहे. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची फाटकावरच्या वहीत नोंद करायचा नियम आहे. चौकीदाराने ती त्या दिवशी केली, सवयीने, खात्याच्या भाषेत: ‘धावडा दांडा, १ नग. ग्रामसभेचे जंगल.’ शेवटच्या रकान्यात परवाना क्रमांक लिहायचा असतो. तिथे त्याने काही वेळ पेन टेकवून ठेवलं असावं, शाईचा ठिपका पसरला आहे. मग लिहिलंय, ‘लागत नाही’.